इन्सेप्शन: भोवरा पडला असता, तरी काय सिद्ध झाले असते?

शिशिरागम (धागाकर्ता)

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘इन्सेप्शन’ १६ जुलै २०१० रोजी प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याच्या शेवटाविषयी जी चर्चा मी वाचली आणि ऐकली, ती जवळजवळ सगळी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: टेबलावर फिरणारा तो भोवरा पडतो की नाही? (खरे म्हणजे दोरी न गुंडाळता नुसत्या बोटांनी फिरवतात तिला आपल्याकडे भिंगरी म्हणतात, पण या चित्रपटाविषयी बोलताना सगळेच भोवरा म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो.) गेल्या आठवड्यात चित्रपट चौथ्यांदा पाहिला आणि माझी खात्री पटली की आपण इतकी वर्षे चुकीचा प्रश्न विचारत आहोत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण सगळे कथानक उघड होणार आहे.

आधी ते दृश्य आठवू. डॉम कॉब हा दुसऱ्यांच्या स्वप्नांत शिरून त्यांची गुपिते चोरणारा माणूस आहे. पत्नीच्या मृत्यूचा आळ आल्यामुळे तो अमेरिकेबाहेर परागंदा झाला आहे आणि त्याची दोन लहान मुले तिकडेच राहिली आहेत. सायतो या जपानी उद्योगपतीने सोपवलेली कामगिरी, म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी रॉबर्ट फिशर याच्या स्वप्नात शिरून एक विचार रुजवण्याची, पार पाडली, तर एका फोनवर त्याच्यावरचा आळ मिटणार असतो. ती कामगिरी पार पडते, सिडनीहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या विमानात कॉब जागा होतो, विमानतळावर त्याला कोणी अडवत नाही आणि मुलांचे आजोबा माइल्स त्याला घरी घेऊन येतात. घरात शिरल्यावर तो सवयीने भोवरा फिरवतो. तेवढ्यात मागच्या अंगणात खेळणारी मुले वळतात, आणि सबंध चित्रपटभर पाठमोरी दिसलेली ती दोघे आता त्याच्याकडे तोंड करून बघतात. तो भोवरा तसाच सोडून त्यांच्याकडे जातो. कॅमेरा मात्र भोवऱ्याकडे येतो, भोवरा किंचित डळमळल्यासारखा वाटतो आणि पडदा काळा होतो.

आता चित्रपटाने स्वतःच घालून दिलेला नियम बघा. टोटेम म्हणजे आपण स्वप्नात आहोत की नाही हे ओळखण्यासाठी प्रत्येकाने जवळ बाळगायची छोटी वस्तू. तो कशासाठी असतो हे कॉबचा सहकारी आर्थर टोळीत नव्याने आलेल्या एरियाडनीला समजावून सांगतो. त्याच्याकडचा फासा एका बाजूला जड केलेला आहे आणि तो कोणत्या आकड्यावर पडतो हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही. दुसऱ्या कोणी त्याला फसवण्यासाठी स्वप्न रचले, तर त्या स्वप्नातला फासा साध्या फाशासारखा पडेल आणि आर्थर सावध होईल. म्हणजे टोटेमची खोड जागेपणी असते आणि परक्याच्या स्वप्नात ती नाहीशी होते. कॉबच्या भोवऱ्याचे नेमके उलटे आहे. जागेपणी तो चारचौघांसारखा थोडा वेळ फिरून पडतो आणि स्वप्नात मात्र थांबत नाही. मग ज्याला हे गुपित माहीत नाही अशा माणसाने कॉबसाठी स्वप्न रचले, तर त्याच्या कल्पनेतला भोवरा कसा वागेल? जगातला कोणताही भोवरा वागतो तसाच वागेल, म्हणजेच पडेल.

म्हणून भोवरा फिरतच राहिला तर ते स्वप्न आहे हे ठरते, पण तो पडला तर काहीच ठरत नाही. त्यातून हा टोटेम मुळात कॉबचा नाहीच. तो त्याच्या पत्नीचा, मॅलचा आहे. तो कसा चालतो हे कॉबने एरियाडनीला आपणहून सांगितले आहे, आणि लिम्बोमध्ये, म्हणजे स्वप्नांच्या सर्वांत खालच्या थरात, म्हातारा झालेला सायतो तर तो हातात घेऊन फिरवतो. ज्या वस्तूला दुसऱ्याचा स्पर्शही होऊ नये असा नियम आहे, तिचे गुपित तीन जणांना ठाऊक आहे. पडदा काळा होण्याआधी आणखी दहा सेकंद मिळाली असती आणि भोवरा आपल्या डोळ्यांदेखत कोसळला असता, तरी जागेपणाचा पुरावा आपल्या हाती लागला नसता.

माझे म्हणणे असे आहे की शेवटच्या दृश्याचा विषय भोवरा नसून कॉबची पाठ आहे. चित्रपटभर हातात पिस्तूल घेऊन भोवऱ्याकडे टक लावून बसणारा हा माणूस या एका वेळी निकाल लागण्याची वाट बघत नाही. नोलन यांनीही २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दीक्षान्त समारंभाच्या आदल्या दिवशीच्या ‘क्लास डे’ भाषणात साधारण हेच सांगितले होते की कॉब त्या क्षणी स्वतःच्या वास्तवात आहे आणि त्याला आता फिकीर उरलेली नाही. पुढे २०२३ मध्ये त्यांनी हे उत्तर आपली पत्नी आणि निर्मात्या एमा थॉमस यांच्या नावावर टाकले. दिग्दर्शकाचे म्हणणे अखेरचे मानावे असा माझा आग्रह नाही, परंतु दृश्याची रचना मला त्याच दिशेला नेते. तुम्हा सर्वांना काय वाटते?

कातरवेळ

मी संकलनाचे काम करते, त्यामुळे पुराव्यांकडे माझ्या बाजूने बघते. टोटेमच्या उलट्या नियमाविषयी तुम्ही लिहिले आहे ते पटले. मात्र भोवरा निरुपयोगी ठरल्यावर दुसरे काहीच उरत नाही असे मी म्हणणार नाही.

कॉबच्या बोटातली अंगठी बघा. स्वप्नांतल्या प्रसंगांत त्याच्या डाव्या हातात लग्नाची अंगठी असते आणि जागेपणीच्या प्रसंगांत ती नसते. चित्रपट याविषयी एक शब्दही बोलत नाही. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तो पारपत्र पुढे करतो तेव्हा अंगठी नाही. दुसरी गोष्ट मुलांची. श्रेयनामावलीत फिलिपा आणि जेम्स यांच्यासाठी दोन-दोन बालकलाकारांची नावे आहेत: तीन वर्षांची फिलिपा वेगळी आणि पाच वर्षांची वेगळी, वीस महिन्यांचा जेम्स वेगळा आणि तीन वर्षांचा वेगळा. वेशभूषाकार जेफ्री कर्लंड यांनीही सांगितले आहे की शेवटच्या प्रसंगातले मुलांचे कपडे आधीच्या आठवणींतल्या कपड्यांसारखे दिसत असले, तरी ते वेगळे आहेत. चित्रीकरणाच्या गडबडीत अशी गोष्ट चुकून घडत नाही. मुले वाढली आहेत असे दाखवायचे कोणीतरी ठरवले, त्यासाठी पैसे आणि वेळ खर्च केला, आणि मग ते फरक आपल्या लक्षात येऊ नयेत इतके जवळचे कपडे निवडले.

उलट बाजूचा जो पुरावा नेहमी दिला जातो, त्याविषयीही लिहिते. कॉब एरियाडनीला पॅरिसच्या उपाहारगृहात विचारतो की आपण इथे कसे आलो, आणि तिला ते सांगता येत नाही, कारण स्वप्नाची सुरुवात कोणालाच आठवत नसते. आपण थेट मध्येच असतो. मग शेवटी विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंतचा रस्ता कुठे दिसतो, असे लोक विचारतात. तो दिसत नाही हे खरे आहे. परंतु कोणत्याही चित्रपटात तो दिसत नाही. माणूस दाराबाहेर पडतो आणि पुढच्या तुकड्यात दुसऱ्या शहरात असतो; प्रेक्षक मधला प्रवास मनातल्या मनात भरून घेतो. माझा सगळा व्यवसाय या सवयीवर उभा आहे. नोलन आणि संकलक ली स्मिथ यांनी स्वप्नाची जी खूण ठरवली, ती चित्रपटाच्या भाषेचीच रोजची खूण आहे. त्यामुळे या कसोटीवर या चित्रपटातले प्रत्येक दृश्य स्वप्न ठरेल, आणि जी कसोटी सगळ्यांनाच दोषी ठरवते ती कसोटी म्हणून उपयोगाची राहत नाही.

तिसरी गोष्ट मायकेल केन यांची. माइल्सची भूमिका करणाऱ्या केन यांनी २०१८ मध्ये लंडनच्या एका खुल्या खेळाआधी सांगितले होते की पटकथा वाचून आपण गोंधळलो, तेव्हा नोलन यांनी आपल्याला सांगितले की ज्या प्रसंगात तुम्ही आहात तो प्रसंग खरा आहे. शेवटच्या प्रसंगात माइल्स आहेत. तरीही मी याला फार वजन देत नाही, कारण गोंधळलेल्या नटाला काम करता यावे म्हणून दिग्दर्शक जे सांगतो, त्यात नटाची सोय आधी पाहिलेली असते. अंगठी आणि कपडे पडद्यावर आहेत. हे वाक्य पडद्यावर नाही. माझे मत विचाराल तर शेवट जागेपणीचा आहे.

अनाहूत

दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. कातरवेळ यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद धागाकर्त्यांशी आहे आणि तो थोडा तीव्र आहे, तो समजून घ्यावा.

‘त्याला आता फिकीर उरलेली नाही’ हे वाक्य सगळे जण सुटकेचे म्हणून वाचतात. मला ते वाचताना प्रत्येक वेळी मॅल आठवते. मॅल आणि कॉब लिम्बोमध्ये पन्नास वर्षे राहिले, आणि अखेरीस हेच जग खरे आहे असे मॅलने ठरवून टाकले. तिने भोवरा तिजोरीत बंद करून ठेवला होता. म्हणजे बघायचे नाही, तपासायचे नाही, फिकीर करायची नाही, हेच तिने केले. तेव्हा कॉबला ते आजारासारखे वाटले. त्याने ती तिजोरी शोधली, भोवरा फिरता करून ठेवला आणि हे जग खरे नाही हा विचार तिच्या मनात रुजवला. जागे झाल्यावरही तो विचार तिला सोडेना, आणि शेवटी हॉटेलच्या खिडकीबाहेरच्या कठड्यावरून तिने उडी घेतली. ज्या गोष्टीसाठी त्याने तिचे मन फोडले, तीच गोष्ट त्याने शेवटी स्वतः केली, तर आपण तिला शांती म्हणायचे का? एकाच वागण्याला पत्नीच्या बाबतीत भ्रम आणि पतीच्या बाबतीत मुक्ती म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे असे की चित्रपटातच याच्या विरुद्ध जाणारा एक प्रसंग आहे. सर्वांत खालच्या थरावर, लिम्बोमधल्या त्या घरात, मॅल मुलांना हाक मारते. मुले वळणार तोच कॉब तोंड फिरवतो. त्याला ती हवी असतात, पण ही आपली मुले नाहीत हे त्याला माहीत असते, आणि खोटी तोंडे बघून समाधान मानायला तो तयार नसतो. त्याआधी त्याने एरियाडनीलाही सांगितलेले असते की मुलांची तोंडे पुन्हा बघायची असतील तर मला खऱ्या जगात परत गेले पाहिजे. ज्या माणसाची सगळी धडपड या एका आग्रहावर उभी आहे, त्याने शेवटच्या मिनिटाला तो आग्रह सोडला असे म्हणणे म्हणजे मधले सगळे पुसून टाकणे आहे. मग त्याने तोंड तरी का फिरवले? तिथेच थांबला असता.

मला तर रॉबर्ट फिशरचेही वाईट वाटते. मरणाऱ्या वडिलांच्या उशाशी तिजोरीत त्याला लहानपणीचे कागदी चक्र सापडते आणि तो रडतो, आणि आपलेही डोळे भरतात. पण वडिलांशी झालेला हा समेट एका चोरांच्या टोळीने, त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडून मोबदला घेऊन रचलेला आहे. त्याचे अश्रू खरे आहेत आणि त्यामागची गोष्ट खोटी आहे. खरे-खोटे महत्त्वाचे नाही असे एकदा म्हटले की फिशरवर झालेल्या अन्यायाविषयी बोलायला आपल्याकडे शब्दच उरत नाहीत.

शिशिरागम (धागाकर्ता)

अनाहूत, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. फिशरविषयी मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. चित्रपटाने त्या प्रश्नाला भिडायला हवे होते आणि तो भिडत नाही, हा मला त्यातला खरा दोष वाटतो.

मॅलच्या बाबतीत मात्र एक फरक तुमच्यासमोर ठेवतो. मॅलने भोवरा बंद केला तेव्हा तिला सत्य ठाऊक होते आणि ते तिला विसरायचे होते. भोवरा तिजोरीत जातो तो त्यासाठीच. ज्याच्याविषयी शंका नाही ती वस्तू कोणी कुलूप लावून ठेवत नाही. कॉब भोवरा लपवत नाही. तो नेहमीसारखा फिरवतो, उघड्यावर, सर्वांसमोर, आणि मग मुले वळतात. लिम्बोमध्ये मुले वळतात तेव्हा हा माणूस तोंड फिरवतो, कारण ती मुले मॅलच्या हाकेला वळत असतात आणि मॅल मेलेली आहे. घरी तो तोंड फिरवत नाही. भोवरा जे सांगू शकत नाही ते या दोन वळण्यांमधला फरक सांगतो असे मला वाटते.

‘फिकीर उरलेली नाही’ हे शब्द कदाचित चुकीचे असतील. ‘शंका उरलेली नाही’ असे म्हणायला हवे होते. खरे असो वा नसो, मला चालेल, असे तो म्हणत नाही. लिम्बोमधल्या मॅलला निरोप देताना तो तिला जे सांगतो ते आठवा: तू माझ्या पत्नीची सावली आहेस, तिचे सगळे गुण आणि सगळे दोष मला कल्पनेने उभे करता येत नाहीत. कल्पनेतली माणसे कुठे तोकडी पडतात हे तो तिथे शिकला आहे. त्यानंतर त्याला भोवऱ्याची गरज राहिली नसावी.

दीपमाळ

या चर्चेत आपल्याकडची एक कथा आणावीशी वाटते, कारण या चित्रपटाचा प्रश्न तिने फार पूर्वी आणि माझ्या मते अधिक निर्भयपणे विचारला आहे. योगवासिष्ठात लवण राजाची कथा आहे. दरबारात एक जादूगार येतो आणि मोरपिसांचा कुंचा फिरवतो. राजा समोर आणलेल्या घोड्याकडे बघता बघता थोडा वेळ निश्चल होतो. तेवढ्यात तो एक सबंध आयुष्य जगून येतो: घोड्याने रानात नेणे, भुकेने व्याकूळ होणे, चांडाळाच्या मुलीशी लग्न, मुले, म्हातारपण, दुष्काळ आणि शेवटी अग्निप्रवेश. डोळे उघडतो तर तोच दरबार आणि तेच सिंहासन. विमानातल्या दहा तासांत पहिल्या थरावर आठवडा, दुसऱ्यावर सहा महिने आणि तिसऱ्यावर दहा वर्षे, हा चित्रपटातला हिशेब वाचताना मला नेहमी लवण राजाच आठवतो.

परंतु कथा तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी राजा विंध्याच्या रानात जातो, आणि त्याला ती वस्ती खरोखर सापडते. दुष्काळात मेलेल्या जावयासाठी, मुलीसाठी आणि नातवंडांसाठी शोक करणारी म्हातारी सासूही भेटते. टोटेम फिरवून बघावा तसा राजा बाहेर पुरावा शोधायला गेला, पुरावा मिळाला, आणि त्याचा गोंधळ मिटण्याऐवजी वाढला. धागाकर्त्यांनी भोवऱ्याविषयी जे लिहिले आहे त्याच्या अगदी जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा शंकराचार्यांचा आहे. ब्रह्मसूत्रांत ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’ असे सूत्र आहे, म्हणजे जागेपणीचे ज्ञान स्वप्नातल्या ज्ञानासारखे नाही, कारण दोहोंचे धर्म वेगळे आहेत. आचार्य भाष्यात त्याचे कारण देतात ते बाधाचे. स्वप्नात पाहिलेले जाग आल्यावर बाधित होते, ‘ते खोटे होते’ असे आपण म्हणतो. जागेपणी पाहिलेला खांब मात्र पुढच्या कोणत्याही अवस्थेत तसा बाधित होत नाही. म्हणजे स्वप्नाला स्वप्न ठरवणारी गोष्ट त्या स्वप्नाच्या आत नसते, ती नंतरच्या जागेत असते.

आता हे चित्रपटाला लावून बघा. पावसातले शहर स्वप्न होते हे आपल्याला कसे कळते? पुढे विमानात जाग येते म्हणून. हॉटेल, बर्फातला किल्ला, लिम्बो, यांतला प्रत्येक थर नंतरच्या थराने खोटा ठरवला आहे. शेवटच्या दृश्याला मात्र नंतरच नाही. तिथे पडदा काळा होतो आणि बाध होण्याची किंवा न होण्याची संधीच काढून घेतली जाते. दिग्दर्शकाने भोवऱ्याचा निकाल लपवला असे लोक म्हणतात. मला वाटते त्यांनी त्याहून मोठी गोष्ट काढून घेतली: ज्या जागी उभे राहून निकाल देता येतो ती जागा. म्हणून अंगठी, कपडे, माइल्स हे पुरावे कितीही जमवले, तरी ते सगळे दृश्याच्या आतलेच राहतात, आणि आतल्या पुराव्याने हा खटला निकाली निघणार नाही.

पाणवठा

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून फक्त डळमळण्याविषयी लिहितो. फिरणाऱ्या भोवऱ्याचा वेग टोकापाशी होणारे घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे कमी होत जातो. वेग जसा कमी होतो तसा त्याचा आस उभ्या रेषेपासून कलतो आणि स्वतः गोल फिरू लागतो. याला परांचन म्हणतात. वेग आणखी उतरला की हे परांचन रुंद आणि जलद होते, आणि त्यानंतर पडणे टळत नाही. म्हातारा सायतो ज्या प्रसंगात भोवऱ्याकडे बघत बसतो, तिथे भोवरा एका जागी खिळल्यासारखा गुळगुळीत फिरतो आणि आस हलत नाही. शेवटच्या दृश्यात तो हलतो आणि फिरण्याचा आवाजही क्षणभर अडखळतो. ज्या भोवऱ्यावर घर्षणाचा परिणामच होत नाही त्याने असे डळमळण्याचे कारण नाही. त्यामुळे तो पडण्याच्या मार्गावर होता असे मी म्हणेन. पडण्याने काही सिद्ध होत नाही, हे धागाकर्त्यांचे म्हणणे मात्र मला मान्य आहे.

अनाहूत

दीपमाळ, बाधाचा मुद्दा वाचून मी बराच वेळ गप्प होते. त्यातून मला मॅलच्या मृत्यूचा एक वेगळाच अर्थ लागला. कॉबने तिच्या मनात हे विशिष्ट जग खोटे आहे एवढेच रुजवले नाही. प्रत्येक जगानंतर आणखी एक जाग येणार आहे असे तिला वाटू लागले. खांबाला खांब म्हणण्याची तिची शक्तीच गेली. तिच्यासाठी भोवरा पडला तरी तो पुरावा नव्हता, आणि शिशिरागम यांनी पहिल्या लेखात मांडलेले तर्कशास्त्र तंतोतंत खरे मानले तर तिचेच बरोबर होते! पडणाऱ्या भोवऱ्याने काहीच ठरत नाही. ती हेच म्हणत कठड्यावर बसली होती.

म्हणून मी माझा आधीचा आक्षेप थोडा बदलते. कॉबने पाठ फिरवली याला मी शरणागती म्हटले होते. पण ज्या कसोटीला शेवटच नाही तिच्यापुढे उभे राहणे म्हणजे काय, हे त्याने पत्नीच्या रूपाने पाहिले आहे. तो भोवऱ्यापासून दूर जातो तो कदाचित त्या कठड्यापासून दूर जाण्यासाठी. हे मला मान्य करता येते. मात्र त्याला शंका उरली नाही, हे तुमचे म्हणणे मला अजूनही मान्य नाही. शंका नसती तर घरात पाऊल टाकल्यावर, मुलांना हाक मारण्याआधी, त्याने भोवरा हातात घेतलाच नसता.

कातरवेळ

एक गोष्ट आधी लिहायची राहून गेली आणि ती माझ्याच मताच्या विरुद्ध जाते, म्हणून प्रामाणिकपणे लिहिते. कॉब मुलांपाशी पोहोचल्यावर जेम्स त्याला आपण काय बांधतो आहोत ते सांगतो: कड्यावरचे घर. संगीत इतके वर आलेले असते की ते शब्द निसटतात. मलाही ते फार उशिरा ऐकू आले. चित्रपटाची सुरुवात ज्या लिम्बोमध्ये होते तिथे सायतोचा वाडा समुद्राकाठच्या कड्यावरच आहे. लिम्बोमध्ये माणसे काय करतात? बांधतात. कॉब आणि मॅल यांनी तिथे पन्नास वर्षे शहरच्या शहर बांधले. दोन लहान मुलांच्या खेळातल्या वाक्यासाठी ‘कडा’ हा शब्द कोणी सहज निवडला असेल असे मला वाटत नाही.

संगीताचेही तसेच आहे. झोपलेल्यांना जागे करण्याची वेळ झाली, याची खूण म्हणून चित्रपटात एदित पियाफ यांचे गाणे वापरले आहे, आणि संगीतकार हान्स झिमर यांनी पितळी वाद्यांचे ते प्रचंड सूर त्याच गाण्याची गती अतिशय मंद करून उभे केले. श्रेयनामावली संपत असताना तेच गाणे पुन्हा वाजते. बहुतेक प्रेक्षक तोवर उठून गेलेले असतात.

शिशिरागम (धागाकर्ता)

अनाहूत, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या लेखातली फट नेमकी दाखवतो, आणि मला तिचे उत्तर देता येत नाही. तो भोवरा फिरवतो हे खरेच आहे. मी पाठ फिरवण्याकडे इतके लक्ष दिले की त्याआधीच्या हाताच्या हालचालीकडे दुर्लक्ष केले. शंका नाहीशी झाली असे मी म्हणायला नको होते. तिचे उत्तर यायला वेळ लागणार होता आणि मुले त्याआधी वळली, एवढेच दृश्यात आहे.

कातरवेळ, कड्यावरच्या घराचे वाक्य मीही चार वेळा चित्रपट पाहून ऐकले नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री शेवटची पाच मिनिटे पुन्हा लावली. जेम्स ते सांगतो तेव्हा कॉब त्याला उचलून घेत असतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबत नाही, त्यामुळे ‘कडा’ हा शब्द त्याच्या कानावर पडला की नाही ते कळत नाही. तोवर कॅमेरा टेबलाकडे निघालेला असतो.